माधव नगरची खाडी

इंदूरकडच्या माधव नगरात राहणाऱ्या जयंत पळसुले यांनी फोनवर एक थाप मारली, तिथून सगळं सुरू झालं. त्यांची लेक शर्वरी आणि आल्हाद यांनी एकमेकांना पसंत केलं होतं. उरला होता फक्त आल्हादच्या वडिलांचा होकार. ते अनिल सामंत, कोकणातल्या एका खाडीकाठच्या अभयारण्यात वनपाल. "गळ टाकायची आवड आहे का हो?" त्यांनी विचारलं. लेकीचं स्थळ हातचं जाऊ नये म्हणून जयंतराव म्हणाले, "लहानपणापासून!" देवास गेटच्या स्टँडवरून इंदूरची बस, एवढंच काय ते त्यांनी आजवर पकडलं होतं.

सामंत रविवारी येणार म्हटल्यावर जयंतरावांनी गळाची काठी मागवली. खोक्यावर लिहिलं होतं : खाऱ्या पाण्यासाठी. बँकेत तीस वर्षं नियमाने काढलेला माणूस गोड पाण्यात सराव कसा करणार? त्यांनी गच्चीवरची जुनी टाकी भरली, गुपचूप पाच किलो खडेमीठ ओतलं आणि मासा म्हणून स्वयंपाकघरातली पळी आत सोडली. शनिवारपर्यंत ती दहातून तीनदा गळाला लागू लागली.

"अहो, माझी पळी पाहिली का कुठे?" कल्पनाताईंनी विचारलं.

"मी कशाला बघू पळी?" जयंतराव घाईने म्हणाले.

रविवारी नळाला पाणी आलं नाही. जयंतराव टावर चौकात कचोऱ्या आणायला गेलेले. ते परतले तेव्हा सामंत आणि आल्हाद कोचावर बसले होते आणि शर्वरी चहा देत होती.

"टेन्शन नका घेऊ बाबा," ती कुजबुजली. "आईने जुन्या टंकीचा वॉल्व्ह खोलला. फुल भरलेली निघाली!"

जयंतरावांच्या हातून कचोऱ्या पडल्या. आल्हादने एक घोट घेतला आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. कल्पनाताईंनी स्वतःचा कप तोंडाला लावला मात्र, "अरे देवा, एवढं नमक!" म्हणून त्या मटकन बसल्या. शर्वरीचे डोळे भरून आले. झालं, मोडलं लग्न!

सामंतांनी मात्र कप रिकामा करून पुढे केला.

"वहिनी, अजून अर्धा. आमच्या विहिरीला खाडीचं पाणी लागतं. सकाळपासून तुमच्या गावचा चहा घशाखाली उतरत नव्हता. हा कसा, घरच्यासारखा! पाणी कुठलं?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जयंतरावांनी त्यांना गच्चीवर नेलं, टाकी दाखवली, काठी दाखवली आणि मान खाली घालून ते म्हणाले, "मी खोटं बोललो. मी कधी मासा पकडलेला नाही."

सामंतांनी काठी उचलली, गळ सोडला, मनगटाला हलका झटका दिला. पहिल्याच फटक्यात पळी वर आली. त्यांनी खिशातून टेप काढून ती दांड्यापासून टोकापर्यंत नीट मोजली.

"नऊ इंच. लहान आहे," ते गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी पळी पुन्हा पाण्यात सोडली. "आमच्याकडे बारा इंचांखालचं परत सोडावं लागतं. लग्न झालं की या व्याही, मोठी पकडू."

जयंतरावांना हुंदकाच फुटला. तेवढ्यात जिन्यातून कल्पनाताई ओरडल्या, "अहो, ती माझी पळी आहे!"

सामंतांनी ओठांवर बोट ठेवलं.

"वहिनी, हळू. अभयारण्यात ओरडायचं नसतं."