दाढदुखीची डबी

"अक्षर असं हवं की समोरच्या फुटपाथवरच्या माणसाने चष्म्याशिवाय वाचलं पाहिजे!" हे पेंटर भेटेल त्याला ऐकवायचा. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस तो! हाताला बारीक अक्षराची सवयच राहिली नव्हती. बायकोने सामानाची यादी करायला सांगितली तर चार कागद लागायचे. घरात मिठाच्या बरणीपासून पंख्याच्या बटणापर्यंत सगळ्यावर त्याच्या हातची पाटी. "आमच्या घरात हे काय, ते काय, असं कुणी विचारत नाही," म्हणून तो मोठ्याने हसायचा आणि कवळी जागेवर दाबून बसवायचा.

मध्यंतरी एका खासगी तक्रारीसाठी तो डॉक्टरकडे जाऊन आला. तीन वेळा दारातून परत फिरला, चौथ्यांदा आत शिरला, एवढंच. डॉक्टरांनी त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या पाहिल्या, छाती तपासली आणि नवराबायकोच्या सुखासाठीची ती गोळी लिहून दिली. वर दमही भरला. "तुम्हाला चालेल. पण छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी असते ना, ती ज्याच्याकडे आहे त्याने ही घ्यायची नाही! दोन्ही एकत्र आल्या तर रक्तदाब धाडकन खाली येतो. माणूस हातचा जाईल!"

पेंटरने ते पक्कं ध्यानात ठेवलं. अडलं ते गोळ्या ठेवायच्या डबीपाशी. बिनपाटीची डबी या घरात लगेच डोळ्यांवर आली असती, आणि खरी पाटी रंगवायची म्हणजे... छे! बराच विचार करून त्याने ब्रश उचलला आणि झोकात रंगवलं: दाढदुखी. अक्षर इतकं देखणं उतरलं की खाली एक वेलबुट्टीही काढली.

रविवारी सकाळी बायकोचे थोरले भाऊ आले. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. पेंटर आंघोळ करून बाहेर आला तर मास्तर गाल धरून बसलेले.

"पेंटर, मानलं तुम्हाला! जबडा ठणकत होता सकाळपासून. चष्मा घरी राहिलाय, तरी फळीवरची डबी इथून वाचली! घेतली एक."

"कसली डबी?"

"दाढदुखीची! अर्धा तास झाला, पण फरक नाही बुवा. उलट आता छातीत दाटल्यासारखं वाटतंय," असं म्हणत मास्तरांनी खिशातून एक इवलीशी गोळी काढली आणि जीभ वर केली.

पेंटरने झेप घेतली! गोळी उडून कोपऱ्यात गेली.

"अहो, दादावर हात काय उगारताय!" बायको स्वयंपाकघरातून धावली.

"गाडी बोलाव! दवाखान्याची गाडी! आणि मास्तर, ती गोळी नाही म्हणजे नाही!"

"का पण?"

"तिथे गेल्यावर सांगतो!"

दवाखान्यात मास्तरांना पलंगावर घेतलं. नर्स जिभेखालची गोळीच घेऊन आली. पेंटर आडवा आला.

"थांबा! यांनी आधी एक घेतलीये."

"कसली?"

"दाढदुखीची. म्हणजे... तशी ती अंगदुखीची."

"काका, नीट बोला! कुठल्या अंगाची?"

एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला बाकावर बसलेली पंधरा माणसं. पण मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडलेला बघून त्याने ठरवलं, अब्रू गेली तर गेली, माणूस जाता कामा नये! निदान गुपचूप लिहून द्यावं म्हणून त्याने कागद मागितला, पाठ फिरवली आणि भराभर लिहून नर्सच्या हातात दिला. नर्सने तो दूरवरच्या डॉक्टरांना दिसावा म्हणून उंच धरला.

हाताची सवय! मर्दानगीच्या गोळीचं नाव, वेळ आणि "डबी माझी आहे", सगळं समोरच्या फुटपाथवरून वाचता येईल असं! अख्ख्या बाकाने वाचलं. एका आजोबांनी तर नाव लिहून घेतलं.

डॉक्टरांनी लगेच उपचार बदलले. संध्याकाळी ते स्वतः बाहेर आले. "दाढ नव्हतीच, हृदयाचं दुखणं जबड्यात आलं होतं. आता धोका टळलाय. लाजून लपवणारे खूप बघितले आम्ही, तुम्ही सांगितलंत म्हणून तुमचे मेव्हणे वाचले. या भिंतीसाठी एक पाटी रंगवून द्याल? 'कुठलीही गोळी डॉक्टरांपासून लपवू नका.'"

पेंटरची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली! घरी येईपर्यंत तो बायकोला सांगत होता, पाटीला पिवळी जमीन, लाल अक्षरं, जीव वाचवणारं अक्षर आहे हे, गंमत नाही! घरी आल्यावर तिने फळीवरची डबी काढली, वेलबुट्टीसकट नीट निरखली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"गोळीचं जाऊ द्या. मला विचारलं असतंत तर मीच आले असते डॉक्टरांकडे. पण अहो, आठ वर्षं झाली, तोंडात एक दात नाही तुमच्या! दाढदुखी लिहिताना कुणाची दाढ मनात होती?"

पेंटरने मुकाट्याने कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवली. तोंड मोकळं असलं की त्याचं बोलणं कुणाला कळत नसे, आणि आज तेच बरं होतं.