टोपोलिनो आणि डुक्कर फियाट यांच्या झुंजीची हकीकत

ज्याने मूषकावर बसून त्रैलोक्य पालथे घातले आणि वाटेत कोठे अडकला नाही, त्या गजाननास दंडवत. शके अठराशें शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, माघ शुद्ध पंचमीस एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. राज्याचे धनी आबासाहेब महाराज, त्यांची वडील बहीण चंपूताईसाहेब आणि कन्या इरावती, इयत्ता दहावी. पागेत इटली मुलुखीची दोन वाहने. एक टोपोलिनो, म्हणजे तिकडील भाषेत इवला उंदीर, शके अठराशें साठची, तेरा घोड्यांच्या जोराची, दोन माणसांत भरून जाणारी. तीतूनच ताईसाहेब पडदा सोडून प्रथम एकट्या वेशीबाहेर गेल्या होत्या. दुसरी फियाट अकराशें, एकोणीस वर्षांनी धाकटी, छत्तीस घोड्यांची, चार दारांची, अंगाने गुबगुबीत, रयत तीस लाडाने डुक्कर फियाट म्हणे, ती महाराजांची. मग पागेचे अर्धे छप्पर बसले, एकाच गाडीपुरती जागा उरली आणि महाराजांनी फर्माविले की, गडावर जी आधी पोहोचेल ती राहील, दुसरी शेजारच्या राज्यास नजर होईल आणि निवाडा इरावती करील. पोर दरबारी कधी तोंड उघडीत नसे, बापाच्या शब्दाबाहेर जाते कशाला, हा महाराजांचा होरा.

इरावती बुरुजावर उभी राहिली. तेथून शेवटली चढण दिसे आणि बोलणेही ऐकू येई. आणि पाहते तो डुक्कर फियाटीत महाराज, दिवाण, दोन मामा, मामी, पुरोहितबोवा आणि शिऱ्याचे पातेले, असा सारा फौजफाटा. मग चढणीवर पाणी उकळले आणि गाडी वाफाळत उभी राहिली. मागून टोपोलिनो आली, तीही आचके देऊन थांबली. तिची टाकी इंजिनामागे, पेट्रोल आपल्याच भाराने उतरावयाचे. नाक वर झाले की उतरेना.

महाराज हासोन वदले, "ताई, उतर आता. उंदीर कधी घाट चढलाय का?"

"आबा, तू आधी तुझ्या डुकराला पाणी पाज!"

ऐसे बोलून ताईसाहेबांनी गाडी फिरविली, टाकी वर नि इंजिन खाली झाले तसा उलटा गियर घातला आणि मान मागे वळवून, पाठीकडून, तरातरा गड चढून आल्या. इरावतीस टाळी पिटावीशी वाटली, परंतु न्यायाधीशाने पिटू नये म्हणोन हात पाठीशी बांधिले.

महाराज मंडळी नि पातेले घेऊन धापा टाकीत पायीच वर आले. "उलटी आलेली गाडी आली असं धरत नाहीत. काय दिवाणजी?" दिवाणजी पातेल्यात पाहू लागले. इरावती पुढे झाली.

"आबासाहेब, 'जी आधी पोहोचेल' एवढंच म्हणाला होतात. तोंडानं की पाठीनं, ते नव्हतं ठरलं. आत्याबाई जिंकल्या."

"कार्टे, बापाविरुद्ध?"

"निवाड्याला बाप नसतो, आबासाहेब."

महाराजांनी डुक्कर फियाटीची किल्ली काढून कन्येच्या तळहातावर ठेविली.

एवंच, डुक्कर फियाट वाजतगाजत परमुलुखी गेली, आणि महाराज गुडघे हनुवटीस लावून बहिणीशेजारी बसू लागले, आणि विचारल्यावाचून वाट सांगेनासे झाले.