मधूच्या कॅसेटवरचे अभिप्राय

मधू घरत रस्त्यात भेटला की "कसा आहेस?" असं कधी विचारत नसे. "कुठपर्यंत ऐकलंस?" असं विचारायचा. त्याला जाऊन महिना झाला. तरी बाजारात निघताना मी उत्तर तयार ठेवतो.

आमच्या बुवापाड्यातल्या बेंजो पार्टीत तो कीबोर्ड वाजवायचा. हळदीला नवरदेवाच्या मामाला नाचवून नाचवून आडवा करणारा हात, अशी त्याची ख्याती. त्याच कीबोर्डवर त्याने एकट्याने एक कॅसेट काढली. नाव 'अंतराळ'. कव्हरवर काळा चष्मा घातलेला मधू. आत ना गाणं, ना ताल. आधी घुर्र, मग टिकटिक, मग एकदम दूध उतू गेल्यासारखा आवाज.

"मध्या, हे हळदीत वाजवलंस तर नवरी पळून जाईल," पार्टीचे मास्तर म्हणाले. "मध्ये एखादं गाणं तरी घाल."

"गाणं हळदीला, मास्तर. हे वेगळं आहे."

माझ्या बायकोने टेप बिघडला समजून दोनदा प्लग काढला. इथल्या साप्ताहिकाने परीक्षण छापलं ते एका ओळीचं: 'कव्हरची छपाई सुबक आहे.' मधू म्हणाला, "सुरुवात तर चांगली केलीय त्यांनी." मी पहिली बाजू नेटाने पूर्ण ऐकली आणि मधला शांत भाग फार आवडल्याचं सांगितलं.

"तिथे रेकॉर्डिंग राहून गेलंय," मधू म्हणाला.

खरी कदर झाली ती उल्हासनगरात. कॅम्प पाचमधला लच्छूशेठ स्पीकर जोडून विकायचा आणि स्पीकर पारखून दाखवायला गिऱ्हाइकापुढे हीच कॅसेट लावायचा. "साईं, इसमें सब आवाज है. इसमें नहीं फटा, तो शादी में क्या फटेगा!" मिनिटभर वाजवून बंद. मधू दर रविवारी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून तेवढं मिनिट ऐकायचा आणि गिऱ्हाइकांचे चेहरे न्याहाळायचा.

एका रविवारी तो मला घेऊन गेला. चामटोली गावाहून त्याने आपल्या आईलाही आणलं होतं. "तिला बोललोय, माझी कॅसेट बाजारात वाजते," तो माझ्या कानात म्हणाला. लच्छूशेठला हात जोडून त्याने अख्खी बाजू लावायला लावली.

नवं लुगडं नेसलेली म्हातारी दोन मोठ्या स्पीकरांसमोर स्टुलावर बसली. घुर्र झालं. टिकटिक झाली. दुकानात आलेल्या एका बाईला ती कौतुकाने म्हणाली, "माज्या पोराचा हाय." ती बाई लगबगीने बाहेर पडली.

जरा वेळाने म्हातारीने मधूची बाही ओढली. "बाला, तुजा गाना कवा लागल?"

"येतंय, आय. आता येतंय."

ती हात जुळवून पुन्हा वाट बघत बसली. कंटाळा नाही, शंका नाही. दूध उतू गेलं. बाजू संपत आली. मधूने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग हळूच मागे सरकत स्पीकरच्या आड जाऊन उकिडवा बसला, आणि तिथून बायका हळदीला म्हणतात त्यातलं एक गाणं म्हणू लागला. आवाज बेसूर, दबका, मध्येच चिरकणारा. लच्छूशेठने कॅसेटचा आवाज बारीक केला.

"हा, आता लागला," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटून मान डोलवू लागली.

गाणं संपलं. तिने डोळे उघडले नाहीत, मान डोलतच होती. मधूने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.