कलम सातवे: प्रवासी घरचेच हवेत

रविवार, दुपारी साडेतीन. वडीगोद्री फाटा, बद्रीनाथच्या बॅटरीच्या दुकानासमोरची मोकळी जागा. साल दोन हजार दोन, महिना एप्रिल. काचा वर केलेल्या एका काळीपिवळी जीपमध्ये चार माणसं बसली होती. त्यांतला एक मी होतो.

एवढं वाचून कोणालाही वाटेल की ही अपघाताची बातमी आहे. त्याला माझा इलाज नाही. तीस वर्षं मी अंबडला वार्ताहर आहे, माझी वाक्यं अशीच पडतात. (लग्नाआधी बायकोला लिहिलेल्या एकुलत्या एका पत्रातही पहिल्या ओळीत 'आमच्या प्रतिनिधीकडून' असं होतं, असं ती चारचौघांत सांगते.) पण हा लेख आभाराचा आहे. तीस वर्षांत मी तहसीलदारापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांशी भांडलो, आभार मात्र कोणाचे मानले नाहीत, कारण तसं कोणी काही केलंच नाही. आज पहिल्यांदा मानतोय. सासूबाईंचे.

त्याचं असं झालं. फाट्यावरून तीर्थपुरीकडे ज्या जीपगाड्या धावतात, त्यांत ज्याचा टेप मोठा, त्याच्याकडे पॅसेंजर जास्त, असा एक समज आहे. या समजाचं पुढे स्पर्धेत रूपांतर झालं. बॅटऱ्या आणि स्पीकर विकणाऱ्या बद्रीनाथने ती भरवली, आणि जीपवाल्यांच्या संघटनेने बक्षीस ठरवलं: ज्याचा आवाज सगळ्यांत मोठा, त्याच्या गाडीला वर्षभर तीर्थपुरीच्या बाजारच्या दिवशी स्टँडवर पहिला नंबर. ज्याला बाजारच्या दिवशीचा पहिला नंबर म्हणजे काय ते कळत नाही, त्याने शेवटच्या नंबरच्या जीपवाल्याला विचारावं. तो माझा मेहुणा संपत.

पहिल्या वर्षी आवाज मोजायची रीत अशी होती की बॉनेटवर पितळी परात ठेवायची, परातीत तुरीची डाळ, आणि टेप लावायचा. ज्याची डाळ जास्त सांडेल तो जिंकला. काकासाहेब नावाच्या जीपमालकाची डाळ एवढी सांडली की कोंबड्या धावत आल्या. मी जवळ जाऊन पाहिलं तर त्यांच्या जीपचं इंजिन चालू होतं. डाळ गाण्याने नाही, पिस्टनने सांडली होती. शिवाय टपावर लग्नातले कर्णे आणि मागे ट्रॉलीत ट्रकच्या बॅटऱ्या. मी दुसऱ्याच दिवशी 'फाट्यावर डाळ घोटाळा, चौकशीची मागणी' अशी बातमी छापून आणली. चौकशी झाली नाही. (माझ्या मागणीवरून आजवर एकही चौकशी झालेली नाही, पण मागणी मी सोडलेली नाही.)

दुसऱ्या वर्षी बद्रीनाथ स्वतः घरी आला.

"साहेब, तुम्ही लिहिलं ते बराबर हाये," तो म्हणाला. "मंग नियम आता तुम्हीच बनवा. आम्ही बिलकुल तसंच करू."

भांडणाऱ्या माणसाला गप्प करायचा हा सगळ्यांत जुना उपाय आहे, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी टेबलाशी बसलो आणि सहा कलमं एका बैठकीत लिहिली. इंजिन बंद. बॅटरी एकच, गाडीची. स्पीकर सगळे आत, कर्णे बाद. दारं आणि काचा बंद. बाहेरून गाडीला कोणी हात लावायचा नाही. डाळ बाद, औरंगाबादहून मीटर आणायचं. सहीसाठी पेन उचललं, तेवढ्यात रस्त्यावरून एक जीप अशी वाजत गेली की फळीवरचा डबा सरकला. माझा संताप झाला. ज्याला आवाज वाढवायचाय त्याने तो आपल्या माणसांच्या कानांवर वाढवून दाखवावा, असं म्हणत मी सातवं कलम घातलं: चाचणीच्या वेळी मधल्या सीटवर तीन प्रवासी हवेत. ते मालकाच्या घरचेच हवेत. गाणं संपेपर्यंत त्यांचे दोन्ही हात समोरच्या दांडीवर. कोणी उठला, कानाकडे हात गेला, कानात बोळा सापडला, तर गाडी बाद.

मला वाटलं, आता एकही माणूस टेप मोठा करणार नाही. घरचं माणूस मागे बसलंय म्हटल्यावर कोणाची हिंमत आहे?

रात्री जेवताना प्रभावतीने विचारलं, "हे सातवं कुणी घातलं?"

"मी."

"संपतची बायको बाळंतपणाला माहेरी गेली, ते माहीत हाये ना?"

"नियम माणसं पाहून करत नसतात."

"मंग आता माणसं मोजा. आई एक, मी दोन. तिसरं कोण?"

मी कोशिंबिरीकडे पाहिलं.

"तुमचा तो लांब नेहरू शर्ट धुऊन ठेवते," ती म्हणाली.

माझी पत्नी शांतपणे बोलते तेव्हा विषय संपलेला असतो. आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायला तोंड नव्हतं. सासूबाईंची, म्हणजे नंदाबाईंची, तीर्थपुरीत पिठाची गिरणी होती. सासरे गेल्यावर त्यांनी ती एकटीने चालवली आणि त्यातच त्यांचे कान गेले. संपतच्या जीपसाठी त्यांनी ती गिरणी विकली. आता जीप नवी म्हणून तिचा नंबर शेवटचा, आणि संपतची पाळी येईपर्यंत बाजार पांगलेला. तो मला एकदा म्हणाला होता, "दाजी, एवढा उन्हाळा बघतो, न्हाईतर इकून टाकतो. गिऱ्हाईक तयार हाये." गिऱ्हाईक म्हणजे काकासाहेबच. सासूबाईंना हे कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना न सांगितलेलं सगळं माहीत असतं.

माझ्या सातव्या कलमाचा तालुक्यावर जो परिणाम झाला, तो मी छापला नाही. ज्या म्हाताऱ्यांना कानाने कमी ऐकू येतं, म्हणून घरात कोणी चहालासुद्धा विचारत नव्हतं, त्यांना एकाएकी दुधातला चहा मिळू लागला. नातू पाय चेपू लागले. एका घरात तर दोन भावांमध्ये वडील कोणाच्या जीपमध्ये बसणार यावरून वाटणीची भाषा निघाली. काकासाहेबांनी आपले चुलते पुंजाराम यांना खेड्यावरून आणलं. पुंजारामबाबा बारा वर्षांपासून बहिरे, असं अख्खी भावकी सांगत होती.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही जीपजवळ उभे होतो. काकासाहेबांनी सासूबाईंकडे बोट केलं.

"मावशीला ऐकू येत न्हाई, बद्रीनाथ. ही काय बराबरी झाली? बहिरं पॅसेंजर म्हणजे जादाचं सामान."

माझ्यातला वार्ताहर जागा झाला. "सासू हे सामान आहे, असं कोणत्या कलमात लिहिलंय ते दाखवा," मी म्हणालो. "मी लिहिलेत नियम. स्पीकर म्हणजे सामान. बॅटरी म्हणजे सामान. सासू ही व्यक्ती आहे. आणि उद्या तुम्ही म्हणाल चष्मा लावलेला प्रवासीसुद्धा सामान, परवा म्हणाल..."

"काय म्हणून राह्यला गं त्यो?" सासूबाईंनी मुलीला विचारलं. प्रभावतीने ओठ सावकाश हलवून सांगितलं, "काकासाहेब म्हणतेत तू सामान हायेस."

सासूबाईंनी पदर नीट केला. "तुमच्या जीपमदी सामानाला भाडं पडत न्हाई का रं, काकासाहेब?" त्या म्हणाल्या. "मंग मला फुकट बसू दे. मी पॅसेंजर हाये."

लोक हसले. काकासाहेबांनाही मागे पुंजारामबाबा उभे असल्याचं आठवलं आणि त्यांनी हरकत मागे घेतली. माझं भाषण अर्धंच राहिलं. (ते मी अजूनही कोणी विचारल्यास पूर्ण करू शकतो.)

आम्ही बसलो. डावीकडे सासूबाई, उजवीकडे प्रभावती, मधे मी. पुढे संपत. बद्रीनाथने मीटर आतून काचेला चिकटवलं, दारं लावली, बाहेर जाऊन काचेतून काट्याकडे डोळे लावले. संपतने मागे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर घाम होता.

"दाजी, जमल ना?"

"मी आणीबाणी पाहिली आहे," मी म्हणालो.

त्याने टेप लावला.

पहिला ठोका पोटात बसला. दुसरा कुठे बसला ते मला सांगता येणार नाही, कारण त्यानंतर माझं शरीर एका जागी राहिलं नाही. दाढेतलं सिमेंट स्वतंत्र वाजू लागलं. चष्मा नाकावरून पायरी पायरीने उतरला आणि मिशीवर थांबला. मला स्वतःचं नाव आठवेना, पण सातवं कलम शब्दन्शब्द आठवत होतं, आणि ते लिहिणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात जे शब्द आले, ते कोणत्याही दैनिकात छापता येणार नाहीत. मी ठरवलं, गाडी बाद होवो, गिरणीचे पैसे बुडोत, जीप जावो, सासर तुटो, पण मी उतरणार. मी उठलो.

म्हणजे मला वाटलं की मी उठलो. प्रत्यक्षात मी होतो तिथेच होतो. पुन्हा जोर लावला, तरी तिथेच. माझी खात्री झाली की आवाजाने कमरेखालचा भाग गेला. लकवा. उद्याची बातमी डोळ्यांपुढे आली, तीही एका कॉलमची, आतल्या पानावर. मग खाली पाहिलं. माझ्या नेहरू शर्टाच्या डाव्या पदरावर सासूबाई बसल्या होत्या आणि उजव्यावर प्रभावती. दोघींचे हात दांडीवर होते, दोघींची नजर समोर होती, चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखा भाव होता. मी तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा खांद्यापाशी काहीतरी टरकन फाटलं. मला ते ऐकू आलं नाही, नुसतं जाणवलं. मग मी बसून राहिलो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंचं वजन हा काही कलमांनी सोडवण्याचा प्रश्न नव्हे.

गाणं संपलं. दार उघडल्यावर सगळ्यांची तोंडं हलत होती आणि आवाज एकाचाही येत नव्हता. सासूबाईंनी माझा चष्मा नाकावर नीट बसवला आणि सावकाश ओठ हलवत विचारलं, गाणं चांगलं होतं का. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाकीच्या गाड्यांचा काटा आमच्या मागेच राहिला. शेवटी काकासाहेबांची जीप उभी राहिली. मागे त्यांची पत्नी उषाबाई, मुलगा आणि मधे पुंजारामबाबा. त्यांचा काटा आमच्यापेक्षा पुढे गेला होता, हे मी बाजूने पाहत होतो. संपत खाली बसला आणि त्याने डोळे मिटले. तेवढ्यात जीपचं दार आतून ढकललं गेलं आणि पुंजारामबाबा धोतर सावरत बाहेर पडले.

नंतर मला लोकांनी सांगितलं, ते पुतण्याला म्हणाले, "बंद कर ते. डोकं फुटून राह्यलं माझं."

म्हणजे त्यांना ऐकू येत होतं. बारा वर्षांपासून येत होतं. ते फक्त सुना बोलायला लागल्या की बहिरे होत. उषाबाई जीपमधून उतरल्या आणि चुलत सासऱ्यांकडे अशा पाहू लागल्या की बारा वर्षांत सणावाराला गावच्या चुलीपाशी काय काय बोलून झालं ते सगळं आठवत असावं. स्पर्धा तिथेच थांबली. काकासाहेबांची गाडी सातव्या कलमाने बाद, संपतची पहिली.

पुढच्या बाजारच्या दिवशी पहिल्या नंबरची जीप माझ्या मेहुण्याची होती. ती दुपारपर्यंत भरून गेली, परत आली आणि पुन्हा भरली. सासूबाई स्टँडवर एका दगडावर बसून ते पाहत होत्या. जीप विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. उन्हाळा संपला, संपतला मुलगी झाली, जीप घरीच आहे.

माझे कान आठवडाभर भुणभुणत होते. त्या अवस्थेत मी पंचायत समितीच्या पत्रकार बैठकीला गेलो. एकही प्रश्न विचारला नाही, नुसती मान डोलावली. बैठक संपल्यावर अधिकाऱ्यांनी स्वतः उठून माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि मला चहा पाजला. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला त्याचा फार राग आला, पण काय म्हणून रागवायचं ते ऐकूच आलं नव्हतं.

तर नंदाबाई, तुमचे हे जाहीर आभार. तुम्ही त्या दिवशी जिथे बसलात तिथे बसला नसतात, तर तुमचा जावई उठला असता आणि तुमच्या मुलाचं घर बसलं असतं. नियम मी केले, निभावले तुम्ही.

खरं म्हणजे लेख इथे संपायला हवा होता. पण या वर्षी बद्रीनाथने नवी नियमावली दुकानावर लावली आहे. सातव्या कलमाखाली एक ओळ वाढली आहे: 'कोणत्याही प्रवाशाच्या अंगावरील कपड्यावर दुसऱ्या प्रवाशाने बसू नये.'

मी दुकानात गेलो. "हे कुठून आलं?"

"सूचना आली, साहेब. घातली," बद्रीनाथ म्हणाला.

"कोणाची सूचना?"

"आता जाऊ द्या ना, साहेब." आणि तो बॅटरीत पाणी भरायला लागला.

मी संपतला विचारलं. तो म्हणाला, त्याची नजर समोर होती. प्रभावतीला विचारलं. ती म्हणाली, भाजीला मीठ कमी वाटतंय का बघा. सासूबाईंना मुद्दाम तीर्थपुरीला जाऊन, समोर बसून, ओठ हलवून विचारलं. त्यांनी मला चहा दिला.

शर्ट मी त्याच संध्याकाळी गोधडीच्या चिंध्यांत टाकला होता आणि वर्षभर कोणाजवळ एक शब्द बोललो नव्हतो. काटा बघणारा बद्रीनाथ गाडीच्या बाहेर होता. काकासाहेब रस्त्याच्या पलीकडे होते. जीपमध्ये आम्ही चौघंच होतो.