मयेकरांचा पहिला थेंब

१४ डिसेंबर, रविवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. काळाचौकीच्या आपल्या खोलीत मयेकर फोन कानाला लावून गप्प बसले होते, मी समोर. पलीकडेही कोणी बोलत नव्हते. त्यांच्या मते संभाषण व्यवस्थित चालू होते.

मयेकर आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवीत, मी गणित. निवृत्तीनंतरही प्रयोगशाळा त्यांच्यातून गेली नाही. चाळीच्या दुरुस्तीच्या सभेत एक गृहस्थ प्रत्येक प्रश्नात तोंड घालीत. मयेकर मला म्हणाले, "हा हायड्रोक्लोरिक आम्लासारखा माणूस. परमँगनेट सोडावं ऑक्झॅलिक आम्लासाठी, तर थोडं याच्यावरच खर्ची पडतं. उत्तर चुकणार. तिथे सल्फ्युरिकच हवं, ते मध्ये पडत नाही."

"काय म्हणालात?" गृहस्थांनी विचारले.

"तुमचीच आठवण काढली."

टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब सोडून द्रावण मोजणे, शिकवताना त्यांचा हट्ट एकच. ऑक्झॅलिकचे द्रावण हाताला चटका बसेल इतके तापवायचे. मग जांभळ्या परमँगनेटचा एक थेंब. त्याचा रंग जाईपर्यंत दुसरा सोडायचा नाही. "पयलो थेंब येळ खाता रे! घाई कित्याक?" पुढचे थेंब झरझर विरतात, कारण पहिल्यातून जे तयार होते, तेच पुढची क्रिया वेगाने घडवते. थंड द्रावणात घाईने ओतले, तर तपकिरी गाळ होतो आणि प्रयोग फुकट जातो.

मुलीने परस्पर लग्न केले, तेव्हा या माणसाने तिच्यावर सारा राग एकदम ओतला. कित्येक वर्षे ती बोलली नाही. गणपतीपासून ती फोन उचलू लागली आहे. बोलत नाही, ठेवतही नाही. मयेकर दर रविवारी एक वाक्य बोलतात आणि थांबतात.

"आज काय सांगितलंत?" मी हळूच विचारले.

त्यांनी फोनवर हात ठेवला. "वालाचं बिरडं करतोय म्हटलं."

"अहो, माफी मागा की!"

"मास्तर, रंग अजून गेलेला नाही."

त्यांनी फोन पुन्हा कानाला लावला.

त्यांना कमी ऐकू येते, म्हणून फोनचा आवाज मोठा असतो. मलाही ऐकू आले.

"वालांना मोड आले का, बाबा? तुम्ही नेहमी घाई करता."

मयेकरांनी वालांवरचे फडके उचलून पाहिले.

"आले गो. या वेळी थांबलो."

मी चपला हातात घेतल्या, बाहेर आलो आणि आवाज होणार नाही असे दार ओढून घेतले.