इनासबाबचे भोंगे

वेंगुर्ल्यात बाराचा भोंगा झाला की लोक जेवायला उठत. आमचे शेजारी, इनासबाब शिंपी, डोळे मिटत. तोंडात टाचण्या, गळ्यात टेप आणि गिऱ्हाइकाचा हात हवेत तसाच धरलेला. माझ्या लग्नाच्या कोटाचं माप नेमकं बाराला घेतलं गेलं. फोटोत डावी बाही कोपराच्या जरा पुढेच दमलेली दिसते.

"गळो बघ, गळो!" भोंगा थांबला की ते म्हणत. "आज तेका पडसां आसा."

भाच्याने दुबईहून आणलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये ते गावोगावचे भोंगे भरत. मायकाला वारा लागू नये म्हणून त्यांनी फ्लॅनेलची कुंची शिवली होती. बाळाला घालतात तशी, नाडीसकट. त्यांच्या बायकोला, रोझामावशींना, अजिबात ऐकू येत नाही म्हणूनच हा संसार टिकला, असं आळीत म्हणत. मी जरा जास्तच हसून म्हणे.

एकदा सकाळीच दारात हजर. "चल रेडीक! खाणीवरचो हातान फिरवूचो भोंगो काढून उद्या विजेचो बसवतत. आज गावलो नाय तर गेलो तो."

रेडी गावच्या खाणीत सुरुंग उडवण्याआधी तो भोंगा वाजत असे. आम्ही कुंपणाशी दबा धरून बसलो. "खोकूचा नाय, खाजवूचा नाय," त्यांनी बजावलं. शिंकेचं राहिलं.

भोंगा घोगऱ्या आवाजात सुरू झाला, चढत चढत पार वर पोचला, आणि खाणीची तांबडी धूळ माझ्या नाकात शिरली. सुरुंग आधीच उडाला की काय, म्हणून पहारेकरी दचकून मागे वळला.

एसटीत इनासबाब मांडीवरच्या कुंचीची नाडी सोडत-बांधत राहिले. उतरताना एवढंच म्हणाले, "आता रेडीच्या भोंग्यात तू पण आसस."

संध्याकाळी तोंड पाडून त्यांच्याकडे गेलो. टेप पूर्ण आवाजात चालू, आणि रोझामावशी दोन्ही तळवे त्या खोक्यावर टेकून, डोळे मिटून बसलेल्या.

"इगर्जीची घांट तिच्यापर्यंत पोचणा नाय," चर्चच्या दिशेने मान वळवून इनासबाब म्हणाले. "भोंगो मात्र हाताक लागता."

भोंगा चढला तशा मावशींच्या भुवया चढल्या. मग माझी शिंक आली. त्यांनी चटका बसल्यासारखे हात उचलले आणि नवऱ्याकडे बघितलं. इनासबाबांनी माझ्याकडे बोट दाखवून साग्रसंगीत शिंकून दाखवलं. मावशी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि पुन्हा तळवे टेकून त्यांनी मानेने खूण केली: परत लाव.

पुढच्या खेपेला बांद्याचा भोंगा गाठायला निघालो, तेव्हा एसटी सुटण्याआधी इनासबाबांनी गुपचूप माझ्या खिशात तपकिरीची डबी सरकवली.