शेरा : नळ गळतो

सूनबाईचा आवाज बसला आणि सासऱ्यांचं नशीब उघडलं.

सूनबाई एका मासिकात कामाला होती. वस्तू आधी स्वतः वापरून बघायच्या आणि कोणती घ्यावी, कोणती घेऊ नये ते वाचकांना सांगायचं, हे तिचं काम. गेल्या महिन्यात इस्त्र्या झाल्या, त्याआधी छत्र्या. या खेपेला वाट्याला आल्या अनोळखी माणसांची व्हिडिओवर गाठ घालून देणाऱ्या पाच साइट्स. बटण दाबलं की समोर कुणीतरी येणार, ओळख ना पाळख. नको असेल तर ‘पुढे’ दाबायचं, की दुसरं माणूस. लेख संध्याकाळी पाचला द्यायचा होता आणि त्यावरच नोकरी कायम होणार की नाही ते ठरणार होतं. नेमका आजच तिच्या घशातून नुसता वारा येत होता.

“बाबा, तुम्ही बोलाल का?” ती कुजबुजली. “चित्र कसं, आवाज कसा, माणसं कशी, एवढंच लिहायचंय.”

“मुली, तीस वर्षं शाळा तपासल्यात मी. हा तर डाव्या हाताचा मळ!”

निवृत्त शाळा तपासनीस ते. घरात बाबा, बाहेर अजूनही साहेब. साहेबांनी कोट चढवला, वही उघडली, लाल पेन्सिलीला टोक काढलं आणि पहिल्या साइटचं बटण दाबलं.

समोर एक तरुण आला. तोंडात घास.

“नाव?”

“काय?”

“आधी गिळा. मग सांगा.”

तरुण दिसेनासा झाला. वहीत नोंद पडली : ‘घासवाला. शिस्त नाही. दहापैकी दोन.’

मग एक मुलगी आली. कोट बघून तिनं आधी पाठ ताठ केली आणि मग पळ काढला. पुढच्या तिघांनी तर नावही विचारू दिलं नाही. चष्म्यावरून रोखलेली ती नजर दिसली की माणसं पांगत, अंगणातली पाखरं टाळीनं उडावीत तशी. साहेब स्वतः मात्र ‘पुढे’ दाबायला तयार नव्हते. निरोप न घेता उठणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

शेवटी एक जण आला आणि बसूनच राहिला. पाइपांच्या ढिगात स्टुलावर बसलेला, साठीचा. मागच्या भिंतीला नळ. टप. टप. टप.

“तुमचा नळ गळतोय.”

“माहितेय.”

“व्यवसाय?”

“प्लंबर.”

साहेबांची पेन्सिल थबकली. “आणि नळ गळतोय?”

“गळू दे की साहेब. बायको गेल्यापासून दुकानात दुसरं बोलतंय कोण?”

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांच्याही खोलीत एक घड्याळ होतं, आणि चार वर्षांपासून त्याची टिकटिक जरा जास्तच ऐकू येत होती. मग वॉशरवरून गोष्ट निघाली, ती पाढ्यांवर गेली आणि अर्धा तास कुठे गेला ते कळलंच नाही.

“रजा घेतो,” साहेब म्हणाले. “पुढची तपासणी आहे.”

दुसरी साइट उघडली. घासवाला आला, “बापरे!” म्हणाला आणि गेला. एक मुलगी आली, आधीच ताठ बसलेली. आणि मग टप. टप. टप.

“तुम्ही इथं कसे?”

“मी सकाळपासून इथंच बसलोय साहेब. फिरताय तुम्ही.”

तिसऱ्या साइटवर तेच. चौथ्या साइटवर प्लंबरनं विचारलं, “या, काय विसरलात?” पाचवीवर त्यानं काही विचारलंच नाही, नुसतं मगाचचं बोलणं पुढे सुरू केलं.

साडेचारला सूनबाईनं वही घेतली आणि मटकन खाली बसली.

“बाबा, साइट्स तपासायच्या होत्या! तुम्ही माणसांना गुण दिलेत. आणि हे काय? नळ गळतो. नळ गळतो. पाचही पानांवर नळ गळतो?”

“गळतोच. खोटं कसं लिहू?”

तिचे डोळे भरून आले. अर्ध्या तासात आता काय होणार होतं? तीस वर्षांत पहिल्यांदाच साहेबांना नापास झाल्यासारखं वाटलं. त्यांनी मुकाट्यानं वही परत घेतली आणि पानं चाळू लागले. घासवाला पाचदा. ताठ मुलगी चारदा. लाल पेन्सिल हवेतच थांबली.

“सूनबाई, एकदा एका दिवसात पाच शाळा तपासल्या होत्या मी. पाचही वर्ग गच्च. पाचव्या शाळेत लक्षात आलं, पहिल्या बाकावरचा हा फाटका खिसा मी सकाळपासून बघतोय! मी एका शाळेतून निघालो की तीच पोरं आडवाटेनं पुढच्या शाळेत हजर. पाट्या पाच, पोरं तीच.”

सूनबाईनं वहीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि त्या बसलेल्या घशातून चक्क किंकाळी निघाली.

“बाबा! दुकान एकच आहे!”

पाचही साइट्सच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत, मालक एकच निघाला. ‘पाट्या पाच, माणसं तीच’ हा लेख पाचला एक मिनिट कमी असताना गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी संपादकांचा फोन आला, नोकरी कायम झाली.

साहेबांनी पुन्हा कोट चढवला. ज्याच्या नळामुळे हे झालं, त्याला सांगायला नको? बटण दाबलं. घासवाला आला, त्यानं घाईघाईनं गिळलं आणि स्वतःहून नाव सांगितलं. साहेबांनी दोनाचे पाच केले.

मग प्लंबर आला. मागे शांतता.

“नळ?”

“केला दुरुस्त. पाच पाचदा बोलून गेलात, लाज वाटली शेवटी.”

“मग आता दुकानात सोबत कुणाची?”

प्लंबरनं खोक्याचा एक पुठ्ठा उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. त्यावर जाड पेन्सिलीनं लिहिलं होतं : ‘साहेब. बोलतात फार. पण न सांगता उठत नाहीत.’

साहेबांनी दोनदा वाचलं. “आणि गुण?”

“ते उद्या सांगतो,” प्लंबर म्हणाला. “या तुम्ही उद्या.”

साहेबांनी कोटाचं वरचं बटण नीट लावलं. निकालाची वाट बघायची त्यांची ही पहिलीच खेप होती.